उंबऱ्याबाहेरचं वांगं

छताला एकोणीस पोपडे आले होते. राविया ते रोज मोजायची. कधी अठरा भरायचे, कधी वीस, की पुन्हा पहिल्यापासून. मोजता मोजता तिचा डावा पाय आपोआप हलायला लागायचा. तो हलला की दाराशी गादी टाकून बसलेली सासू जपमाळ थांबवून म्हणायची, "पाय."

राविया पाय थांबवायची. थोड्या वेळाने उजवा सुरू व्हायचा.

बाळंतपणाला बारा दिवस झाले होते. कैरोपासून दूर, नदीकाठच्या आमच्या इस्नात बाळंतिणीची कबर चाळीस दिवस उघडी असते असं मानतात. जरा तोल गेला तर बाई कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नाही. म्हणून चाळीस दिवस तिने खोली सोडायची नाही, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, कोंबडीचं सूप प्यायचं, मेथीचा काढा प्यायचा आणि पुन्हा कोंबडीचं सूप प्यायचं. रावियाची सासू वहीबा हे सगळं तर पाळायचीच, वर पदरची चार कलमं जोडायची. कूस बदलायची झाली तरी आधी सांगायचं, हे त्यातलंच. मक्केहून आल्यापासून सगळी गल्ली वहीबाला हज्जा म्हणायची, सख्खी धाकटी बहीणसुद्धा. हज्जाने एकदा सांगितलं की त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

रावियाचा नवरा रिफअत नदीवरच्या प्रवासी बोटीवर आचारी होता. आठवड्यातून दोनदा त्याची बोट इस्नाच्या बंधाऱ्याशी येऊन थांबायची, पाणी चढलं की भोंगा वाजवून पुढे जायची. भोंगा खोलीपर्यंत ऐकू यायचा. रिफअतची आठवण येण्याऐवजी रावियाला त्या भोंग्याचा संताप यायचा. एवढं लोखंडाचं धूड हलतं, आणि मला कूस बदलायची तर अर्ज करावा लागतो!

आणि एवढं पडून राहूनही ती दमली होती. साधंसुधं दमणं नव्हे. सकाळी डोळे उघडायचेसुद्धा जिवावर यायचं. कंबर आपली नाही, पोट आपलं नाही, मानेवर कुणी ओल्या वाळूचं पोतं ठेवलंय असं वाटायचं. ती दमलेली दिसते म्हणून हज्जा तिला आणखी झोपवायची, आणि झोपून झोपून ती आणखी दमायची. शेजारी वर्दा रडायची. पोरीला उचलून कुणी छातीशी दिली तर राविया पाजायची. स्वतःहून हात पुढे व्हायचा नाही. का होत नाही, या विचाराने ती भिंतीकडे तोंड करून रडायची आणि हज्जा ते पाहायची.

बाराव्या दिवशी सरकारी दवाखान्यातली नर्स दिमयाना आली. तिने पिशवीतून ताणकाटा काढला, वर्दाला झोळीत घालून टांगली आणि भुवया वर केल्या. जन्मली होती त्यापेक्षा पोर अजून हलकीच होती.

"दूध येतंय का?"

"येतं थोडं," राविया म्हणाली.

"तू दिवसभर काय करतेस?"

"पोपडे मोजते."

दिमयाना हसली, पण तिने रावियाच्या डोळ्यांखाली पाहिलं आणि हसणं थांबवलं. तिने रावियाला पाठीवर सरळ झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले, एक हात पोटावर ठेवला. "श्वास इथपर्यंत घे. पोट फुगू दे. आता सोडताना लघवी अडवतो तसं आतून वर ओढ. पाच मोजेपर्यंत धर, सोड. दहा वेळा. मग कंबर जराशी उचल, तळहात सरकेल इतकीच. घोटे फिरव. आणि रोज थोडं चालायचं. आज दारापर्यंत, दोन दिवसांनी जिन्यापर्यंत. अंगावर जास्त जायला लागलं किंवा भोवळ आली तर लगेच थांबायचं. बाई, ही मरगळ पडून राहून जाणार नाही. हळूहळू हललीस तरच जाईल."

हज्जा सगळं ऐकून घेत होती. दिमयानाला तिने चहा पाजला, दारापर्यंत सोडलं, देवाने तुझं भलं करावं म्हणाली, आणि परत येऊन गादीवर बसली.

"हिला स्वतःला एक तरी झालंय का?" तिने जपमाळ उचलली. "घोटे फिरव म्हणे! घोटे फिरवून कुणाला दूध आलंय?"

"हज्जा, ती शिकलेली आहे."

"शिकू दे. माझ्या घरात चाळीस म्हणजे चाळीस." मग ती वर्दाकडे बघत जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आणि एक ऐकून ठेव, पोरी. रागवायचं तर रागव. चाळिसाव्या दिवसापर्यंत तू माणसात आली नाहीस तर ही करीमाच्या दुधावर जाईल. मी पोरीला वाळू देणार नाही."

करीमा हज्जाची लेक. मागच्याच गल्लीत दिलेली, अंगावर पाच महिन्यांचा धष्टपुष्ट मुलगा. तिला दूध एवढं की ओढणी भिजायची. आमच्यात परक्या बाईने पाच वेळा पोटभर पाजलं की ती दुधाची आई होते, आणि ते नातं मरेपर्यंत कुणाला पुसता येत नाही. वर्दाला दुसरी आई मिळणार होती. करीमा वाईट नव्हती, हीच तर रावियाची भीती होती. ती हसरी होती, मजबूत होती आणि मुलांना पटकन उचलायची.

त्या दुपारी राविया पोपडे मोजायला विसरली.

* * *

चौदाव्या दिवशी बहीजा आली. हज्जाची ही धाकटी बहीण खाटकाला दिलेली. अंगाने भरपूर, तोंडाने त्याहून भरपूर. जिना चढतानाच तिचं बोलणं सुरू झालं, "अगं, बाळंतिणीसाठी कलेजी आणलीये, अशी ताजी की अजून..."

"थांऽब!" हज्जा ओरडली तशी वर्दा दचकून रडायला लागली. "तिथंच थांब! कच्चं मांस घेऊन आत येतेस? अक्कल गहाण टाकलीस का?"

कच्चं मांस, काळं वांगं, नुकतं मुंडन केलेला माणूस, मयतीहून किंवा प्रवासाहून आलेला माणूस, यातलं काहीही बाळंतिणीच्या खोलीत थेट आलं तर तिचं दूध आटतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उपाय एकच. ते आत तिच्याकडे यायच्या आधी तिने बाहेर त्याच्याकडे जायचं. एकदा तिने उंबऱ्याबाहेर जाऊन ते डोळ्यांनी पाहिलं की बाधा संपली, मग खुशाल आत आणा.

बहीजा जिन्याच्या तोंडाशी पिशवी धरून पुतळ्यासारखी उभी राहिली. हज्जाची पंचाईत झाली. कलेजी परत पाठवावी तर बाळंतिणीच्या वाट्याचं अन्न दारातून परत गेलं, तेही अशुभ. शेवटी तिने रावियाला दंडाला धरून उठवलं.

"हळू. पाय उचल. उंबरा आहे."

खोलीचा उंबरा, मग गच्चीसारखा मोकळा सज्जा, मग जिना. बावीस पावलं. राविया भिंत धरत चालली. सज्जात ऊन होतं, खाली कुणाच्या तरी अंगणात पाव उन्हात फुगत ठेवले होते, नदीवरून वारा येत होता. तिने वाकून पिशवीत पाहिलं. लालभडक कलेजी.

"पाहिलीस?" हज्जाने विचारलं.

"नीट दिसली नाही," राविया म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. चांगला लांब श्वास घेतला, पोटापर्यंत. आतून वर ओढलं. पाच मोजले.

परत येताना पावलं चोवीस भरली, कारण ती जरा वळसा घालून आली.

त्या दिवशी तिने दोन वाट्या सूप मागून घेतलं. आणि संध्याकाळी वर्दा रडली तेव्हा हज्जा उठायच्या आत रावियाचा हात पाळण्यात गेला होता. दूध झिरपत नव्हतं, येत होतं. हज्जाने ते पाहिलं आणि म्हणाली, "बघ, कलेजीचा गुण."

रावियाच्या डोक्यात दिवा पेटला होता.

दुसऱ्या दिवशी हज्जा मोरीत गेल्यावर तिने बहीजाला जवळ बोलावलं. "खाला, तुमच्याकडे मांस तर रोजच कापतात."

"मग? खाटीकच आम्ही."

"रोज आणाल?"

बहीजाने तिच्याकडे पाहिलं. एवढी बडबडी बाई, पण कळायला वेळ लागला नाही. तिने पदर तोंडात कोंबला आणि खांदे गदगदा हलेपर्यंत हसली. "अगं चांडाळणी! हज्जाच्याच कायद्याने हज्जाला?"

मग रावियाच्या खोलीबाहेर जी वर्दळ सुरू झाली ती विचारू नका. सोळाव्या दिवशी बहीजाचा नवरा चकाचक डोकं भादरून आला. बिचाऱ्याच्या डोक्यावर एरवीही चार केस होते, तेही गेले. सतराव्या दिवशी वांगं. एकोणिसाव्या दिवशी शेजारीण कैरोच्या गाडीतून उतरली ती पिशव्यांसकट थेट इथे. विसाव्या दिवशी कुणी मयतीहून आलं. बाविसाव्या दिवशी पुन्हा वांगं, आणि बहीजा तर आता जिनाच चढेना.

"हज्जा, माझे गुडघे गेले गं! तिलाच खाली आण. मी इथं अंगणात बसते."

"आणि वांगं?"

"वांगं माझ्या मांडीवर आहे, पळून जात नाही."

सोळा पायऱ्या. हज्जा एका बाजूला, भिंत दुसऱ्या बाजूला. राविया श्वास सोडत पाऊल टाकायची, दिमयानाने फोनवर सांगितलं होतं तसं. आठव्या पायरीवर थांबायचं, भिंतीला टेकायचं, पुढे जायचं. हज्जा पुटपुटायची, "या वर्षी सगळ्या गावाला वांगीच पिकलीत की काय!" पण नियम तिचाच होता, मोडायचा कसा?

आणि दुपारी नमाज. हज्जा नमाजाला उभी राहिली की तिला वळून बघता येत नसे, बोलताही येत नसे. बाळंतिणीला नमाज माफ असतो. राविया तेवढ्यात गुडघे वर घ्यायची, कंबर तळहातभर उचलायची, ठेवायची. लोखंडी खाट करकरायची. खाट करकरली की हज्जाचा "अल्लाहु अकबर" एकदम चढ्या आवाजात यायचा. दुसऱ्यांदा करकरली की त्याहून चढ्या. राविया ओठ चावून हसू दाबायची. किती तरी दिवसांनी तिला हसू येत होतं.

पंचविसाव्या दिवशी दिमयानाने काटा टांगला. वर्दा चांगली चारशे ग्रॅमने भरली होती. हज्जाने तीनदा विचारलं, "काटा बरोबर आहे ना?"

* * *

एवढ्यावर राविया थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या अंगात आता घाई शिरली होती. चाळिसावा तेरा दिवसांवर आला. तिला वाटायला लागलं, आता माणसात आलेली दिसायचं तर धावत दिसायला हवं. सत्ताविसाव्या दिवशी हज्जा मागच्या परसात कबुतरांना दाणे टाकायला गेली होती. बहीजा खालून ओरडली, "वांगं आलंय!" आणि राविया कुणाचा हात न धरता झरझर खाली उतरली. वांगं पाहिलं. परत वर चढली. अंगात जोर वाटत होता. पुन्हा उतरली.

दुसऱ्यांदा चढताना नवव्या पायरीवर डोळ्यांपुढे काळोख आला. ती बसली. मांड्यांवरून ऊन ऊन काहीतरी उतरलं. तिने खाली पाहिलं, पायरीवर रक्त होतं.

बहीजाची किंकाळी परसापर्यंत गेली. चार पायऱ्या धावत चढताना तिच्या हातातलं वांगं निसटून पायऱ्यांवरून टप टप खाली घरंगळलं आणि परसातून धावत आलेल्या हज्जाच्या पायाशी थांबलं.

हज्जाने वांगं पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. तिला सगळं एका क्षणात कळलं. पण आधी तिने रावियाला उचललं. पासष्ट वर्षांच्या बाईने, एकटीने, सात पायऱ्या.

दिमयाना सायकलवरून धापा टाकत आली. तासाभराने म्हणाली, "घाबरण्यासारखं काही नाही. रक्त थांबलंय. घाई केलीस, बाई. मी चाल म्हणाले होते, धाव म्हणाले नव्हते. दोन दिवस आराम कर, मग पहिल्यापासून, दारापर्यंत."

हज्जाने त्यातलं 'आराम' तेवढं ऐकलं.

"माझ्या नियमांनी मलाच उल्लू बनवलंत," ती बहीजाला म्हणाली. ओरडली नाही, त्यामुळे बहीजा जास्त घाबरली. "तुला तर काहीच आठवत नसेल. तीन वर्षांची होतीस. आपली थोरली सनिया बाळंतपणाच्या नवव्या दिवशी उठली. शेतात गहू कापायला तीस माणसं, आणि तिच्या सासूला पाव हवे होते. तीही म्हणाली, मी बरी आहे. बरीच दिसत होती. भट्टीपुढे बसून तिने पहाटेपासून पाव भाजले. अकराव्या दिवशी आम्ही तिला पुरली. तिच्या नखांत पीठ होतं, आईने धुवू दिलं नाही." तिने दार दाखवलं. "चाळीस होईपर्यंत या घरात पाऊल टाकू नकोस."

बहीजा रडत गेली. राविया खाटेवर डोळे मिटून पडली होती. तिने सगळं ऐकलं. सनिया हे नाव ती या घरात पहिल्यांदा ऐकत होती.

* * *

मग पुन्हा पोपडे. आता तेही मोजवेनात.

दोन दिवस आराम झाला, तिसरा झाला, पाचवा झाला. हज्जाने गादी उंबऱ्यावरच आणून टाकली. कुणी येत नव्हतं. भोंगा वाजायचा, बोट जायची. रिफअतचा फोन यायचा, मागे भांड्यांचा खणखणाट. "कशी आहेस?" "बरी." "वर्दा?" "बरी." तो म्हणायचा, आई म्हणते तसं कर. राविया हो म्हणायची. ओल्या वाळूचं पोतं परत मानेवर आलं होतं, या वेळी जास्त भरलेलं. आता पायसुद्धा हलत नव्हते. हज्जाला "पाय" म्हणायची वेळच यायची नाही.

वर्दा रडली की राविया वाट बघायची, कुणीतरी उचलेल.

बत्तिसाव्या दिवशी हज्जाने करीमाला निरोप धाडला, शुक्रवारी दुपारी ये. रावियासमोरच धाडला. आणि रावियाला वाटलं, बरोबर आहे. करीमा हसरी आहे, मजबूत आहे. पोरीचं चांगलं होईल. हा विचार आला आणि तिला रडूही आलं नाही. या घरात आजवर जे काही झालं त्यात हे सगळ्यात वाईट होतं, आणि ते कुणालाच दिसलं नाही.

निदान तिला तसं वाटलं.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात येत होती आणि तिचा अर्थ लागत नव्हता. हज्जाचा दुपारचा नमाज लांबत चालला होता. कपाळ टेकलं की हज्जा पूर्वी तीनदा देवाचं नाव घेऊन उठायची. आता टेकलेलीच राहायची. खोलीत चिटपाखरू हलत नसायचं. "अल्लाहु अकबर," हज्जा चढ्या आवाजात म्हणायची आणि उठून पुढच्या ओळीआधी थांबायची, कान देऊन उभी असल्यासारखी. खाट करकरत नसे.

गुरुवारी दिमयाना आली. काटा टांगला, आकडा बघितला, लिहिला. आठ दिवसांत वर्दा एका ग्रॅमने वाढली नव्हती. निघताना हज्जा तिच्यामागे सज्जापर्यंत गेली. तिथे दोघी बराच वेळ उभ्या होत्या. रावियाच्या कानावर एवढंच आलं.

"किती म्हणालीस?"

"पहिल्या दिवशी दारापर्यंत, हज्जा. फक्त दारापर्यंत."

"आणि परत?"

"आणि परत."

* * *

शुक्रवारी सकाळी राविया जागी झाली तेव्हा उंबऱ्यावरची गादी रिकामी होती. एवढ्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. खाली कुठे पावलं वाजली नाहीत. मग सज्जातून आवाज आला.

"राविया! ए पोरी!"

"हज्जा? काय झालं?"

"मी आत येत नाही. माझ्या हातात वांगं आहे."

राविया छताकडे बघत राहिली. आपल्याला भास होतोय, असं तिला वाटलं.

"ऐकलंस का? वांगं! काळंभोर! आता मी अशी आत आले तर तुझं दूध आटेल. मग म्हणू नकोस सासूने केलं. बाहेर येऊन बघून जा."

"हज्जा, मला उठवत नाही."

"मग मी उभी राहते. माझे पाय दुखले तर दुखू देत."

खोलीत बराच वेळ काही हललं नाही. बाहेर म्हाताऱ्या बाईने एकदा पायावरचा भार बदलला, चपला घासल्या. राविया कुशीवर वळली, विचारल्याशिवाय. कोपरावर उठली. पाय खाली सोडले. श्वास घेतला, पोटापर्यंत. भिंतीला धरून दाराशी आली.

हज्जा उंबऱ्यापासून दोन हातांवर उभी होती. दोन्ही हातांत वांगं, तान्हं मूल धरावं तसं. डोळे लाल होते.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"जा. नीज आता. आजच्याला एवढंच."

दुपारी करीमा आली, ओढणी सावरत, हसत. "कुठंय माझी भाची?"

"चाळीस झालेत का?" हज्जाने जिन्यातच तिला अडवलं.

"तूच बोलावलंस ना, अम्मा?"

"बोलावलं होतं. आता परत पाठवते. जा, आपल्या पोराला पाज. तो बघ कसा वाळलाय!" करीमाच्या काखेतला गोळा हसला. त्याला तीन हनुवट्या होत्या.

शनिवारी हज्जा चार पावलं मागे उभी होती. रविवारी जिन्याच्या तोंडाशी. सोमवारी चौथ्या पायरीवर बसली होती, मांडीवर वांगं. राविया तीन पायऱ्या उतरून थांबली की हज्जा म्हणायची, "श्वास घे. ती काय म्हणते ते, आतून ओढ. ओढलंस?" "ओढलं." "मला काय दिसतंय? ओढलं म्हणतेस तर खरं." मंगळवारी ती नववी पायरी आली. पायरी घासून धुतलेली होती, डाग नव्हता, पण राविया तिच्यासमोर थबकली. हज्जा खालच्या पायरीवरून म्हणाली, "मी आहे इथं. पडलीस तर माझ्यावर पडशील, मला काही होत नाही." राविया उतरली. दुपारच्या नमाजात खाट करकरली, आणि "अल्लाहु अकबर" अगदी नेहमीच्या आवाजात आला.

बुधवारी बहीजाला निरोप गेला. ती आली आणि अंगणात हज्जाच्या गळ्यात पडून इतकी रडली की कबुतरं उडाली.

"पुरे," हज्जा म्हणाली. "मांस आणलंस?"

"आणलं."

"मग बाहेर थांब. तिला रस्त्यापर्यंत आणते."

* * *

चाळिसाव्या दिवशी सकाळी रावियाला न्हाऊ घातलं, नवा झगा दिला, डोळ्यांत सुरमा घातला. राविया खोलीत आली तर हज्जा घरात नव्हती. बहीजाने बोटाने दाखवलं, नदीकडे.

राविया वर्दाला खांद्यावर घेऊन निघाली. बहीजा चार पावलं मागून, तोंड मिटून. एवढा वेळ तोंड मिटून ती आयुष्यात चालली नसेल. गल्ली, पाववाल्या बायका, मशिदीची सावली, मग चढ. राविया दोनदा थांबली. घाई केली नाही. पोर जड लागत होती आणि त्याचं तिला बरं वाटत होतं.

बंधाऱ्यापाशी चार बोटी पाण्याची वाट बघत थांबल्या होत्या. होड्यांतले विक्रेते वर प्रवाशांकडे चादरी फेकत होते, ओरडत होते. काठच्या दगडी कठड्यावर हज्जा बसली होती, काळ्या कपड्यांत, एकटी. मांडीवर वांगं.

राविया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. वाकून पाहिलं. वांग्याचा देठ वाळून करडा झाला होता, अंगावर सुरकुत्या पडल्या होत्या, एका बाजूला जुना ठेचलेला डाग होता. जिन्यावरून घरंगळताना लागलेला.

"हज्जा, हे तेच?"

"मग काय रोज नवं आणू? वांगी काय झाडाला लागतात?" हज्जा म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर एकदा हसली. मग तिचं तोंड वाकडं झालं. ती वांगं अंगठ्याने चोळत राहिली, डागावर, पुन्हा पुन्हा.

"सनियाला एका दिवसात भट्टीपुढं बसवली," ती म्हणाली. "खाटेवरून थेट भट्टीपुढं. मी सोळा वर्षांची होते, तिथंच होते, पीठ मळून देत होते. तिच्यापुढं कुणी असं एकेक पायरी मागं सरकलं नाही गं. मी सरकले नाही."

रावियाने वर्दाला खांद्यावरून उतरवून हज्जाच्या मांडीवर ठेवलं, आणि त्याआधी वांगं उचलून स्वतःकडे घेतलं. म्हाताऱ्या बाईने नातीची टाळू हुंगली आणि मोठ्याने, लाज न बाळगता रडली. बहीजाही रडली. होडीतला एक विक्रेता त्यांच्याकडे बघून चादर फेकायला विसरला.

मग हज्जाने डोळे पुसले, पोर परत दिली आणि कठड्याला हात टेकून उठायला लागली. सहा दिवस वांगं धरून कधी उभी, कधी जिन्यावर बसून राहिल्याने तिचे गुडघे पार आखडले होते. ती अर्धी उठली आणि तिथेच अडकली.

राविया तीन पावलं मागे सरकली. एका हातात वर्दा होती, दुसऱ्या हाताने तिने वांगं पुढे धरलं.

"या, हज्जा," ती म्हणाली. "हळू. आधी श्वास घ्या."